साबणाची दुसरी वडी

देओलिंदाने फडक्यातून काढली साबणाची वडी,
धुण्याच्या गाठोड्यातून किल्ल्याबाहेर आलेली.
मधोमध रुतलेला किल्लीचा ठसा.
"भावाची आहे," म्हणाली. म्हणजे त्याच्या दाराची.
सार्डिनच्या कारखान्यात बारा-बारा तास उभं राहून
तिच्या बोटांना खवल्यांची चमक आलेली.

मी म्हणालो, मी कुलूपवाला.
गावाची कुलपं करतो, सरकारचीही करतो.
किल्ल्यातली एकोणतीस माझ्या बापाने बसवली,
दर तीन महिन्यांनी तेल मी घालतो.
राजकारण माझा विषय नाही.
ती रागावली नाही.
ऐरणीशेजारी वडी तशीच ठेवून गेली.

मी नाही त्यातला, असं म्हणत म्हणत
त्या रात्री मी दुकानाला कडी लावली आतून
आणि कानस हातात घेतली.

धैर्य आलं, असं सांगायला बरं वाटतं.
तसं काही आलं नव्हतं.
पितळ होतं, दिवा होता, आणि एवढं कळलं होतं
की न करणं हेही माझ्याच हातून होणार.
वडी समुद्रात भिरकावली असती
तरी भिरकावणारा हात हाच,
अंगठ्याला नख नसलेला.

सहा दात. पाचवा दोनदा घासला,
तेव्हा आठवला फिर्मिनो.
त्या मजल्यावर रात्रपाळी त्याची.
माझ्या पोरीचा धर्मबाप,
बाप्तिस्म्याला हप्त्याने घेतलेला चांदीचा चमचा आणणारा.
तो कैद्यांना मारायचा का?
एकदा पत्ते खेळताना
त्याच्या बोटांच्या पेरांवरची साल गेलेली दिसली.
मी पत्ते पिसले.

किल्ली चालली.
फेब्रुवारीच्या धुक्यात तिघं दोरावरून उतरले.
चौथा निम्म्यापर्यंतच.
त्याचं नाव मी विचारलं नाही.
किल्ली दारातच राहिली.

सोमवारी मला बोलावणं: कुलूप बदला.
बदललं. आठ दातांचं, जाड पोलादाचं.
मुद्दाम वाईट काम करता आलं असतं;
माझ्या हाताला ते जमत नाही, असं मी स्वतःला सांगतो.
महिन्याभरात लिस्बनहून हुकूम आला
आणि त्याच कोठडीत फिर्मिनोला घातलं.
दार उघडलं ते त्याच्या पाळीत.

मग कुस्तोदिया आली, त्याची बायको.
फडक्यात साबण. हा कपड्यांचा, पिवळा, स्वस्त.
मी बघताक्षणी म्हणालो, "त्याचं वेगळं आहे."
"काय वेगळं?"
"तो पहारेकरी होता."
"कुलूप विकताना विचारता का तुम्ही, आत कोण बसणार?"
माझ्याकडे उत्तर होतं, घासून गुळगुळीत केलेलं.
लावून पाहिलं. फिरलं नाही.

ती वडी मी फेकली नाही.
उद्या, उद्या म्हणत राहिलो;
ती सुकली, भेगाळली, ठशातले दात बुजत गेले.
कधी वाटायचं, तिघांना सोडवलं ते न्यायासाठी,
कधी वाटायचं, देओलिंदाच्या बोटांसाठी.
आणि फिर्मिनोला सोडवलं नाही ते कशासाठी,
हे वाटायच्या आत मला झोप लागायची.

त्या एप्रिलात फाटक उघडलं, ते किल्लीने नव्हे.
सुटलेल्यांना गावाने खांद्यावर घेतलं.
फिर्मिनो सगळ्यांच्या मागून आला.
कुणी उचललं नाही त्याला, कुणी थुंकलंही नाही.
एकाने त्याच्याकडे काडेपेटी मागितली,
मग चेहरा ओळखून परत केली,
सिगारेट न पेटवताच.

मंगळवारी तो दुकानात.
"घराची किल्ली हवी. कुस्तोदियाकडे एकच आहे."
मी कानस घेतली. तो माझे हात पाहत राहिला,
पाचव्या दातावर रेंगाळायची माझी खोड.
"तिचंही काम असंच होतं," म्हणाला, "दारात राहिलेलीचं."
माझी कानस चालत राहिली.

पैसे नकोत, मी म्हणालो.
त्याने दहा एस्कुदो ठेवले फळीवर
आणि उरलेले सुटे परत घ्यायला
उभा राहिला.